इशारा खोटा असेल तर?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "विमानातलं काहीतरी सांग, सोपं करून सांग आणि वीस मिनिटांत संपव." म्हणून आधीच एक खुलासा करून टाकतो. मी वैमानिक नाही. निमंत्रणपत्रिकेत तसं छापलंय, ते वाचून आमच्या घरी सगळे हसले. मी विमानातल्या उपकरणांचा इंजिनिअर. वैमानिकासमोर जे काटे, दिवे आणि पडदे असतात ते खरं सांगताहेत की नाही, हे पाहणं हे माझं काम. चौतीस वर्षं हेच केलं. त्यातलं बरंचसं रात्री, कारण दिवसभर विमान उडत असतं आणि आमच्या हाती लागतं ते रात्री.

लोक मला नेहमी विचारतात, "वर असताना एखादं उपकरण बंद पडलं तर?" बंद पडलेल्या उपकरणाचा फारसा त्रास नसतो. ते बंद आहे हे दिसतं, आणि त्याच्या जागी दुसरं असतं. खरी पंचाईत होते ती चालू असून खोटं बोलणाऱ्या उपकरणाची. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

कॉकपिटमध्ये लाल दिवा लागला की त्याचा अर्थ, आत्ता काहीतरी करा. पिवळा दिवा म्हणजे लक्ष द्या, लवकरच काहीतरी करावं लागेल. आग लागली तर घंटा वाजते. जमीन धोकादायक जवळ आली तर यंत्र माणसाच्या आवाजात 'पुल अप' म्हणून ओरडतं. आणि पंखांवरची हवा सुटून विमान कोसळायच्या बेताला आलं, ज्याला आम्ही स्टॉल म्हणतो, तर वैमानिकाच्या हातातला दांडा आपोआप थडथडायला लागतो. झोपलेला माणूसही जागा होईल असा.

पण हे इशारे देणाऱ्या यंत्राला डोळे नसतात. वेग कळतो तो बाहेर काढलेल्या बोटभर नळीत शिरणाऱ्या हवेच्या दाबावरून. उंची कळते ती विमानाच्या अंगावरच्या लहानशा भोकांतून आत येणाऱ्या दाबावरून. पंख हवेला किती कोनात भिडलाय, हे सांगायला नाकाजवळ एक छोटं पातं असतं, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कोंबड्यासारखं. नळीत कचरा गेला, भोक बुजलं, पातं वाकडं बसलं, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो आणि कोट्यवधींचा संगणक पूर्ण आत्मविश्वासानं खोटं सांगतो.

आपल्यापैकी जे साठीच्या पुढचे आहेत त्यांना १ जानेवारी १९७८ ची बातमी आठवत असेल. एअर इंडियाचं 'एम्परर अशोक' हे बोइंग ७४७ विमान नववर्षाच्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालं. उजवीकडे एक छोटं वळण घेऊन विमान सरळ झालं, पण कॅप्टनसमोरचं उपकरण विमान अजून उजवीकडेच कललंय असं दाखवत राहिलं. खाली काळा समुद्र, वर काळं आकाश, क्षितिज कुठे दिसणार? कॅप्टननं उपकरणावर विश्वास ठेवून विमान डावीकडे झुकवलं. काटा हलेना, म्हणून आणखी झुकवलं. जमीन सोडल्यापासून १०१ सेकंदांत ते वांद्र्याच्या समोर समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली. सहवैमानिकाचं उपकरण बरोबर होतं, मधलं तिसरंही होतं. फ्लाइट इंजिनिअरच्या ते लक्षात आलं आणि तो 'त्याच्यावर जाऊ नका' असं सांगायला लागला, पण तोवर काही सेकंदच उरले होते.

हा अपघात वाचताना लोक कॅप्टनवर चटकन शिक्का मारून मोकळे होतात. मला ते पटत नाही. आपण खुर्चीत बसून, तिन्ही उपकरणं काय दाखवत होती हे माहीत असताना वाचतो. त्याच्याकडे काळोख होता आणि समोर एक काटा होता. म्हणून वैमानिकांना शिकवतात की समोरचं उपकरण काही विचित्र दाखवायला लागलं तर आधी शेजारच्याचं पाहा, मग मधलं पाहा. तिघांपैकी दोघं जे सांगतात ते धरा. हे सोपं वाटतं. पण घाबरलेल्या माणसाची नजर समोरच्या एकाच गोष्टीवर खिळते, म्हणून ते सिम्युलेटरमध्ये पुन्हा पुन्हा घोटून घ्यावं लागतं.

दुसरी घटना कॅरिबियन बेटांवरच्या डोमिनिकन रिपब्लिकमधली, ६ फेब्रुवारी १९९६ ची. बर्गनएअरचं बोइंग ७५७ बरेच दिवस जमिनीवर उभं होतं आणि वेग मोजणाऱ्या नळ्यांवर झाकणं घातलेली नव्हती. नंतर त्या नळ्या सापडल्या नाहीत, पण तपास करणाऱ्यांचा संशय गेला एका माशीवर. आपल्याकडे भिंतीच्या कोपऱ्यात मातीचं घर करते ना कुंभारीण माशी, तिच्याच जातीची. उड्डाणासाठी विमान धावायला लागलं तेव्हाच कॅप्टनचा वेगाचा काटा चालत नाही हे त्याला दिसलं होतं. तरी उड्डाण झालं. आता गंमत बघा. नळी पूर्ण बुजलेली असली की आतला दाब तसाच अडकून राहतो आणि विमान वर चढेल तसा तो काटा वाढीव वेग दाखवायला लागतो. त्या काट्याच्या हिशेबानं विमान फार वेगात होतं, म्हणून स्वयंचलित यंत्रणेनं नाक वर करून वेग कमी केला. अतिवेगाचा इशारा वाजला. थोड्याच वेळात दांडा थडथडायला लागला, म्हणजे वेग फारच कमी झालाय. एकाच विमानात एकाच वेळी दोन इशारे, एक म्हणतो फार वेगात आहात, दुसरा म्हणतो फार हळू आहात. या गोंधळात विमान खरोखरच स्टॉल झालं आणि समुद्रात पडलं. १८९ जण गेले.

दोन विरुद्ध इशारे एकदम आले तर माणसानं काय करायचं? विमान व्यवसायात याचं उत्तर ठरलेलं आहे. वेग विसरा. विमानाचं नाक क्षितिजापासून किती अंश वर आहे ते बघा आणि इंजिनाला किती जोर दिलाय तो बघा. नाक अमुक अंशावर आणि जोर अमुक असेल तर विमान हवेत टिकतंच, वेगाचा काटा काहीही म्हणो. हे आकडे पुस्तकात लिहिलेले असतात आणि वैमानिकाला पाठ असावे लागतात. थोडक्यात, ज्याच्याबद्दल खात्री आहे तेवढं घट्ट धरायचं, विमान स्थिर करायचं, आणि मग दोष शोधायला बसायचं. दोघांपैकी एकानं फक्त विमान सांभाळायचं, दुसऱ्यानं पुस्तक उघडायचं. दोघांनी मिळून दिव्याकडे बघत बसायचं नाही.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला पेरू देशात लिमाजवळ आणखी एक ७५७ पडलं. विमान धुताना उंची मोजणाऱ्या भोकांवर चिकटपट्टी लावली होती, ती काढायची राहून गेली. रात्रीची वेळ, खाली समुद्र. उंची खोटी, वेग खोटा, एकामागून एक इशारे. वैमानिकांनी शहाणपणानं नियंत्रण कक्षाला विचारलं, आमची उंची सांगा. कक्षानं आपल्या पडद्यावरची उंची सांगितली. ती बरोबर वाटली, कारण यांच्या उपकरणाशी जुळत होती. पण कक्षाच्या पडद्यावरचा तो आकडा याच विमानातून पाठवला जात होता! शेवटी 'जमीन जवळ आहे' असा इशारा ओरडत होता, तो रेडिओ लहरींनी थेट खालचं अंतर मोजत होता आणि तो एकटा खरं बोलत होता. पण खोट्या इशाऱ्यांच्या गर्दीत त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? ७० जण गेले.

विज्ञानाच्या तासाला सर एकच माप तीनदा घ्यायला लावायचे ते आठवतंय? आणि एकदा आपल्या गटाची तिन्ही मापं तंतोतंत जुळली म्हणून आपण खूश झालो, तेव्हा सरांनी पट्टीच बदलून दिली. त्या पट्टीचं टोक झिजलेलं होतं. एकाच पट्टीनं तीनदा मोजलं तर तीनदा तेच चुकीचं उत्तर येतं. दुसऱ्याला विचारताना त्याची पट्टी वेगळी आहे का हे आधी बघावं. हे मी नंतर कॉलेजात शिकलो नाही, इथेच शिकलो.

आता माझ्या खात्याकडे येतो. ३० जुलै १९९२. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावरून टीडब्ल्यूएचं ट्रायस्टार विमान जमिनीवरून उचललं आणि त्याच क्षणी दांडा थडथडला. इशारा खोटा होता, विमान उत्तम उडत होतं. पण सहवैमानिकानं विमान कॅप्टनच्या हाती दिलं, कॅप्टननं ते पुन्हा धावपट्टीवर टेकवलं, आणि ते धावपट्टीबाहेर जाऊन जळून खाक झालं. नशीब असं की आतले सगळे २९२ जण बाहेर पडले. तपासात कळलं की तो इशारा देणारं पातं आधी नऊ वेळा बिघडलं होतं. दर वेळी काढलं, तपासलं, कारण सापडलं नाही, पुन्हा विमानात बसवलं.

आमच्या वहीत एक वाक्य असतं, 'तपासले, दोष आढळला नाही.' मी ते शेकडो वेळा वाचलंय. वर दहा किलोमीटरवर, उणे पन्नास अंश थंडीत, हादरे बसत असताना जो दोष येतो, तो खाली हँगरमध्ये टेबलावर ठेवून दिसेलच असं नाही. 'आढळला नाही' याचा अर्थ 'नाही' असा होत नाही.

आणि वर काय घडलं हे आम्हाला कळतं ते वैमानिकानं वहीत लिहिलेल्या चार ओळींवरून. २८ ऑक्टोबर २०१८ च्या रात्री लायन एअरचं ७३७ मॅक्स विमान बालीहून जकार्ताला आलं. नवं बसवलेलं पातं २१ अंशांनी चुकत होतं. त्यामुळे दांडा सगळा प्रवासभर थडथडत होता, आणि एक यंत्रणा विमानाचं नाक पुन्हा पुन्हा खाली दाबत होती. त्या यंत्रणेचा वैमानिकांच्या पुस्तकात उल्लेखसुद्धा नव्हता. कॉकपिटमध्ये ड्यूटीवर नसलेला एक तिसरा वैमानिक होता, त्याच्या मदतीनं त्यांनी मोटरचा स्विच बंद केला आणि विमान हातानं चालवत सुखरूप उतरवलं. त्यांचं कौतुकच आहे. पण वहीत त्यांनी वेग आणि उंचीच्या तक्रारी लिहिल्या. दांडा थडथडत होता हे लिहिलं नाही, स्विच बंद करावा लागला हे लिहिलं नाही. खालच्या इंजिनिअरनं जे लिहिलं होतं तेवढं दुरुस्त केलं. सकाळी तेच विमान १८९ जणांना घेऊन निघालं आणि जावा समुद्रात पडलं. पुढे १० मार्च २०१९ ला इथिओपियात तशाच कारणानं आणखी १५७ जण गेले. वाचलेल्या प्रवासाचा पूर्ण वृत्तान्त लिहिणं हे पुढच्या प्रवासाचं देणं असतं.

एवढं ऐकून कुणाला वाटेल, मग इशाऱ्यांकडे दुर्लक्षच करावं. तिथेच दुसरा खड्डा आहे. १९ ऑगस्ट १९८० ला सौदियाच्या विमानात रियाधहून निघाल्यावर मागच्या सामानकक्षात धूर असल्याचा इशारा आला. तो खरा की खोटा याची खातरजमा करण्यात चार मिनिटांहून जास्त वेळ गेला. इशारा खरा होता. विमान परत येऊन रियाधला नीट उतरलंसुद्धा, पण लगेच बाहेर पडण्याचा हुकूम झाला नाही. आतले सगळे ३०१ जण गेले.

म्हणून काही इशारे असे आहेत की ते खोटे असतील असं वाटलं तरी खरेच मानायचे. सामानकक्षातली आग त्यातली. तिथे जाऊन बघता येत नाही. मला एक प्रसंग आठवतो. एप्रिल महिना, आखातात जाणारं विमान, पोटात हापूसच्या पेट्या. निघाल्यावर वीस मिनिटांत धुराचा इशारा, आणि विमान मुंबईला परत. दार उघडलं तर आग नाही, धूर नाही, नुसता आंब्याचा घमघमाट. धूर ओळखणारा डोळा हवेतल्या दमटपणानं फसला होता. चार तास खोळंबलेले प्रवासी कॅप्टनला नाही नाही ते बोलले. ते शांतपणे ऐकून घेऊन कॅप्टन मला म्हणाले, "उद्या पुन्हा दिवा लागला तर मी पुन्हा परत येणार. तो लागू नये हे तुम्ही बघा." मला यात कामाची सगळी वाटणी दिसते. इशारा पाळणं हे त्यांचं काम आणि तो विश्वासाला पात्र ठेवणं हे आमचं.

सध्या ही वाटणी आणखी अवघड झाली आहे. युद्धग्रस्त भागांजवळ उपग्रहांचे खोटे संदेश सोडले जातात. विमानाला वाटतं आपण भलतीकडेच आहोत, आणि पस्तीस हजार फुटांवर असताना 'पुल अप' ऐकू येतं. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानंही २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये याबद्दल सूचना काढल्या. वैमानिकांना या खोट्याची सवय झाली, तर ज्या रात्री समोर खरंच डोंगर असेल त्या रात्री काय? ही भीती मला वाटते.

सगळं नीट निभावल्याचंही एक उदाहरण देतो. ७ ऑक्टोबर २००८. क्वांटासचं एअरबस ए-३३० सिंगापूरहून पर्थला चाललं होतं, ३७,००० फुटांवर, स्वच्छ दिवस. एकाएकी स्टॉलचा आणि अतिवेगाचा, दोन्ही इशारे वाजायला लागले. तीनपैकी एक संगणक उंचीचे आकडे कोनाचे म्हणून पाठवत होता. विमानाच्या मुख्य संगणकानं ते खरे मानून अचानक नाक खाली ढकललं. लोक छतावर आपटले. तीन मिनिटांच्या आत पुन्हा तेच. शंभराहून अधिक जखमी. कॅप्टन केव्हिन सलिव्हन यांनी ओळखलं की दोन्ही इशारे एकदम खरे असू शकत नाहीत. बाहेर क्षितिज दिसत होतं, त्याच्यावर नजर ठेवून त्यांनी विमान हातानं सांभाळलं, सहकाऱ्यांना कामं वाटून दिली, पर्थचा हट्ट न धरता जवळच्या लर्मंथला उतरले. ३१५ जण घरी गेले. इशारे शेवटपर्यंत वाजतच होते.

आता माझी वीस मिनिटं संपत आलीत, म्हणून घरचं एक बोलतो.

काल संध्याकाळी शाळेच्या नव्या इमारतीत फिरलो. तुमच्या-माझ्या देणग्यांतून तिथे धुराची सूचना देणारी यंत्रणा बसवली आहे, तळमजल्यावर तिची पेटी आहे. पेटीतला स्विच खाली पाडून वर चिकटपट्टी लावलेली आहे. शिपाईमामांना विचारलं. ते म्हणाले, "काय करणार? रोज अकरा वाजता खिचडीला फोडणी पडली की भोंगा वाजतो. दोन महिने पोरं रोज मैदानात पळाली. मग पळायचीच बंद झाली. मग भोंगा बंद केला."

मी त्यांना दोष देणार नाही. दोन महिने खोटी हाक मारणाऱ्याचं जे होतं तेच झालं. आणि पोरं पळायची बंद झाली, ती स्विच पाडायच्या आधी. म्हणजे भोंगा वाजत असतानाच निकामी झाला होता. नुसता स्विच परत वर करून उपयोग नाही. स्वयंपाकघराजवळचा तो एक डोळा धुराचा आहे, तिथे उष्णतेवर चालणारा हवा, म्हणजे फोडणीला वाजणार नाही आणि आगीला वाजेल. बाकीचे डोळे पुसून, तपासून घ्यावे लागतील. आज सकाळी मुख्याध्यापक बाईंशी बोललो, त्यांची परवानगी आहे. आमच्या बॅचनं खर्च उचलायचं ठरवलंय. आपल्यातले जे कुणी विजेच्या कामातले आहेत त्यांनी जेवणानंतर मला तळमजल्यावर भेटावं. आणि एक वही ठेवू. भोंगा कधी वाजला, का वाजला, काय केलं, हे प्रत्येक वेळी लिहायचं, खोटा असला तरी. वही शिपाईमामांच्या ताब्यात.

वर आठशे मुलं बसतात. त्यांच्यासाठी तो भोंगा पुन्हा विश्वासाचा करून देणं, एवढं आपल्याला सोमवारपर्यंत जमेल असं मला वाटतं.